ड्वार्फ हॅमस्टर रात्रभर गज चावतो? आधी त्याच्या पायाखाली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिन्याभरापूर्वी ड्वार्फ हॅमस्टर आणला, दुमजली तारेच्या पिंजऱ्यात ठेवला. पिंजऱ्यात रंगीत नळ्या आहेत, हाताच्या पंजाएवढं चाक आहे, तळाला दोन बोटं भुसा आहे. रात्री दिवे बंद झाले की तो गज चावत बसतो, छताला लटकत इकडून तिकडे जातो आणि हात आत घातला की चावतो. त्याला एकटं वाटतंय म्हणून जोडीदार आणावा, की आणखी खेळणी घ्यावीत?

जोडीदार नको आणि खेळणीही सध्या नकोत. त्याला हवंय ते उकरायला खोल बेडिंग, म्हणजे तळाला भरायचा भुसा-कागदाचा थर, आणि पळायला सलग जमीन. या दोन गोष्टी दिल्या की बहुतेक हॅमस्टरांचं गज चावणं कमी होत जातं. त्या नसतील तर पिंजऱ्यात काहीही आणून ठेवा, तो चार दिवस हुंगेल आणि पुन्हा गजांकडे वळेल. जोडीदाराचं पुढे सांगतो.

दुकानात ‘ड्वार्फ’ म्हणून मिळणारे हॅमस्टर एकाच जातीचे नसतात. कॅम्पबेल मंगोलिया आणि उत्तर चीनच्या गवताळ माळांवरचा. विंटर व्हाइट कझाकस्तान आणि नैर्ऋत्य सायबेरियातला. रोबोरोव्स्की, ज्याला सगळे रोबो म्हणतात, तो गोबीच्या वाळूतला आणि सगळ्यांत लहान, जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, वजन तीस ते पन्नास ग्रॅम. चायनीज हॅमस्टर खरं तर वेगळ्या प्रजातीतला, पण विकताना त्यालाही यांच्यातच घालतात. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचा संकरही सर्रास झालेला असतो, त्यामुळे तुमच्याकडचा नेमका कोण हे पाठीवरच्या काळ्या पट्ट्यावरून ठामपणे सांगता येईलच असं नाही.

जात कुठलीही असो, हे सगळे बिळात राहणारे प्राणी. झाडावर चढायला त्यांचं शरीर बनलेलं नाही. दिवसभर जमिनीखाली राहायचं, अंधार पडला की वर येऊन दाणे गोळा करायचे, गालाच्या पिशव्या भरायच्या आणि पुन्हा खाली पळायचं, असा त्यांचा दिनक्रम. डोक्यावर घुबड आणि मागे कोल्हा असलेल्या माळावर उघड्यावर रेंगाळणारा हॅमस्टर फार दिवस जगत नाही. ही भीती दुकानातल्या पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या अंगातही शाबूत असते. तुमच्या दुमजली पिंजऱ्यात त्याला वर जायला जिना आहे, खाली जायला मात्र काहीच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली सोनेरी हॅमस्टरांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काहींना 10 सेंटिमीटर, काहींना 40 आणि काहींना 80 सेंटिमीटर खोल बेडिंग दिलं होतं. 10 सेंटिमीटरवाल्यांमध्ये गज चावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. सोनेरी हॅमस्टर म्हणजे ड्वार्फ नव्हे, हे मान्य. पण बिळात राहण्याची गरज दोघांची सारखीच आहे, आणि माझ्याकडे आलेल्या ड्वार्फ हॅमस्टरांमध्येही मला हेच दिसत आलं आहे.

आता जागेचं बोलू. जर्मनीतल्या प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने किमान माप दिलं आहे ते 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच. मीही हेच माप धरून चालतो. ‘एवढ्याशा जिवाला एवढं मोठं घर?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. या एवढ्याशा जिवाला रात्रभर पळायचं असतं, आणि आकाराने सगळ्यांत छोटा असलेला रोबो पळण्यात सगळ्यांत पुढे असतो. हे क्षेत्रफळ सलग हवं. दोन मजल्यांची बेरीज करून ‘झालं की तेवढंच’ म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. नळीने जोडलेले दोन छोटे डबेही एका मोठ्या जागेची बरोबरी करत नाहीत.

काचेची मोठी टाकी सगळ्यांत सोयीची. फिशटँक म्हणून निरुपयोगी झालेली, गळकी टाकीसुद्धा चालते, कारण पाणी भरायचंच नाहीये. वर काचेचं झाकण मात्र ठेवू नका. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ठोकून झाकण करा, म्हणजे हवा खेळती राहील. काच परवडत नसेल किंवा उचलायला जड वाटत असेल तर मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा खोका घ्या, झाकणाचा मधला भाग कापून काढा आणि तिथे तारेची जाळी स्क्रूने बसवा. कापलेली कड गुळगुळीत घासून घ्या. खडबडीत कड दिसली की हॅमस्टर तिथूनच कुरतडायला सुरुवात करतो. तारेचा पिंजराच वापरायचा असेल तर दोन गजांमधली फट सहा-सात मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डोकं गेलं की बाकीचा हॅमस्टर मागोमाग जातो. पिल्लू रोबो तर बघणाऱ्याला अशक्य वाटेल अशा फटीतून निसटतो. शिवाय तारेच्या पिंजऱ्याचा तळाचा ट्रे सहसा उथळ असतो, खोल बेडिंग त्यात राहतच नाही, बाहेर सांडतं. म्हणून तुमचा सध्याचा पिंजरा सुधारत बसू नका. प्रवासाला किंवा डॉक्टरकडे न्यायला तो ठेवून द्या.

पन्नास सेंटिमीटर उंची पुष्कळ वाटते, पण हिशेब करा. एका बाजूला पंचवीस सेंटिमीटर बेडिंग भरलं की वर पंचवीसच उरतात. वीस सेंटिमीटर व्यासाचं चाक स्टँडसकट बावीस-तेवीस होतं. ते या खोल बाजूला ठेवलंत तर त्याचा माथा जाळीच्या अगदी जवळ जाईल आणि हॅमस्टर चाकावर चढून जाळी कुरतडेल किंवा झाकण ढकलून पसार होईल. पळून गेलेल्या बऱ्याच हॅमस्टरांची वाट ही अशी चाकावरून गेलेली असते. म्हणून मी टाकीचे दोन भाग करतो. साधारण दोन तृतीयांश भागात पंचवीस ते तीस सेंटिमीटर बेडिंग, उरलेल्या भागात आठ-दहा. मधे रंग किंवा वार्निश न लावलेली लाकडी फळी आडवी उभी करायची, म्हणजे उंच बाजू घसरून सपाट होत नाही. चाक, पाणी आणि वाळू कमी बेडिंगच्या बाजूला. उंच बाजूवरून खाली यायला झाडाच्या सालीचा तुकडा किंवा छोटा लाकडी पूल तिरका टेकवा.

बेडिंग कशाचं घ्यावं? कागदाच्या लगद्यापासून केलेलं मऊ बेडिंग बोगदे सगळ्यांत छान धरतं. अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा आणि हेम्पच्या काड्यांचं बेडिंगही चांगलं, पण एकट्या भुशात बोगदे टिकत नाहीत, त्यात कागद किंवा वाळकं गवत मिसळावं लागतं. देवदार, सीडर, किंवा भट्टीत न वाळवलेल्या पाइनचा वास येणारा भुसा अजिबात नको. त्यातली उग्र द्रव्यं श्वसनमार्गाला त्रास देतात. सुगंधी बेडिंगचंही तेच. माणसाला आवडावं म्हणून टाकलेला तो वास हॅमस्टरला चोवीस तास हुंगावा लागतो. आणि एक वस्तू दुकानदार हमखास पुढे करतो, ती म्हणजे कापसासारखं फुलवलेलं ‘नेस्टिंग’. ते घेऊ नका. त्याचे धागे तुटत नाहीत. पायाला गुंडाळले गेले की रक्तपुरवठा थांबतो, गिळले गेले तर आतड्यात अडकतात. घरट्यासाठी बिनवासाचा, बिनछापील टिश्यू पेपर द्या, लांब पट्ट्या फाडून.

भरायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण नुसतं पाकीट फोडून ओतलं की वरून ढीग दिसतो आणि आत सगळं पोकळ असतं. हॅमस्टर शिरतो, छत कोसळतं, दोन-तीनदा असं झालं की तो उकरणं सोडून देतो आणि मालक म्हणतो, ‘आमच्याला उकरायला आवडतच नाही.’ पाच-सात सेंटिमीटरचा थर घाला, तळहाताने चांगला दाबा, त्यावर वाळलेलं गवत पसरा, पुन्हा थर, पुन्हा दाब. गवताच्या काड्या आडव्या-तिडव्या पडून छताला आधार देतात. भरून झाल्यावर दोन बोटं तिरकी खुपसून एक-दोन भोकं पाडून ठेवा. बहुतेक हॅमस्टर पहिल्या रात्री त्याच भोकातून काम सुरू करतात.

बेडिंगच्या आत एक लाकडी घर पुरलेलं असावं. याला तळ नसतो, आत दोन-तीन कप्पे असतात आणि कप्प्यातून कप्प्यात जायला चार-पाच सेंटिमीटरचं दार. प्रत्येक कप्पा आठ-दहा सेंटिमीटरचा पुरतो. छत उचलता येईल असं हवं आणि ते बेडिंगच्या पृष्ठभागाला लागून, म्हणजे गरज पडली तर सगळं न उपसता आत डोकावता येतं. तळ नसल्यामुळे घरातूनच खाली बोगदा काढता येतो. आठवडाभराने छत उचलून बघा. एका कप्प्यात टिश्यूचा गच्च गोळा, दुसऱ्यात सोललेल्या-न सोललेल्या दाण्यांचा ढीग, आणि बऱ्याचदा तिसरा कप्पा चक्क संडास. ही विभागणी त्याला कुणी शिकवलेली नसते. प्लॅस्टिकची रंगीत घरं मी वापरत नाही. आत झोपलेल्या प्राण्याच्या श्वासाने भिंतींना ओल धरते आणि बेडिंग कुबट होतं. रंगीत नळ्यांचाही हाच दोष, वर त्यात हवा खेळत नाही.

घरटं बांधताना हॅमस्टर बघण्यासारखा असतो. टिश्यूची पट्टी दोन्ही हातांनी धरतो, दातांनी भराभर कापतो, प्रत्येक तुकडा गालात कोंबतो, आणि गाल खांद्यांपर्यंत फुगले की बिळाच्या भोकाशी येऊन क्षणभर थबकतो, कारण आता तोंड आत मावत नसतं. मग थोडं तिरकं होऊन, अंग आकसून आत सरकतो. दहा मिनिटांत पुन्हा बाहेर, गाल रिकामे. एक अख्खा टिश्यू पेपर असा तासाभरात गायब होतो. म्हणून पट्ट्या घरट्यात नेऊन ठेवू नका, दुसऱ्या टोकाला ठेवा. काम हीच त्याची करमणूक आहे.

आता वाळू. ड्वार्फ हॅमस्टर पाण्याने अंग धूत नाहीत, आणि त्यांना पाण्याने आंघोळ कधीही घालायची नाही. त्वचेवरचं तेल निघून जातं, अंग गारठतं आणि एवढ्या लहान जीवाला थंडी बाधायला वेळ लागत नाही. त्यांची आंघोळ वाळूत. लहान मुलांच्या खेळासाठी मिळते तशी बारीक, धुतलेली, रंग नसलेली वाळू घ्या. बाहेरून आणलेली असेल तर ओव्हनमध्ये तापवून कोरडी करा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. चिंचिला या दाट केसांच्या पाळीव प्राण्यासाठी विकली जाणारी पावडर वेगळी असते; ती धुळीसारखी उडते आणि फुप्फुसात जाते. कॅल्शियमची वाळूही नको, ओलसर झाली की तिचे गोळे होतात. रुंद, उथळ भांड्यात तीन-चार सेंटिमीटर वाळू पुरे. रोबो असेल तर हात सैल सोडा, टाकीचा पाव ते तिसरा हिस्सा वाळूला दिला तरी चालेल. रोबो वाळूत शिरला की आधी एका कुशीवर गर्रकन लोळतो, मग दुसऱ्या, मग उभा राहून अंग झाडतो आणि नंतर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं विंचरतो. ज्या रोबोला वाळू मिळत नाही त्याचे केस तेलकट, चिकटलेले दिसतात. बरेचसे ड्वार्फ लघवीलाही वाळूचाच कोपरा धरतात, त्यामुळे साफसफाईचं अर्धं काम तिथेच उरकतं.

चाकावर कंजुषी करू नका. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइटसाठी किमान वीस सेंटिमीटर व्यास, रोबोसाठी सोळा ते वीस. कसोटी सोपी आहे: पळताना बाजूने बघा, पाठ सरळ दिसली पाहिजे. मान वर आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर चाक लहान आहे, आणि तुमचं हाताच्या पंजाएवढं चाक नक्की लहान आहे. पळण्याची जागा सलग, भरीव असावी. तारेच्या दांड्यांच्या किंवा जाळीच्या चाकात पाय अडकून मोडतो, तळव्यांना जखमा होतात. आवाज होत असेल तर दांड्याला थेंबभर खाद्यतेल लावा. चाक बेडिंगवर तसंच ठेवलं की खाली माती उकरल्यासारखं बेडिंग साचून ते अडतं, म्हणून ते छोट्या लाकडी चौरंगावर ठेवा, ज्याचे पाय टाकीच्या तळाला टेकलेले असतील. जड वस्तूंचं हे सगळ्यांनाच लागू आहे. वाळूचं भांडं, दगड, लाकडाचा ओंडका, जे जे जड असेल ते तळावर किंवा पायांवर उभं हवं. बेडिंगवर नुसतं ठेवलेलं जड भांडं खालून बोगदा गेल्यावर खचतं आणि आतला प्राणी चिरडू शकतो. फरशीवर फिरवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे बॉल घेतले असतील तर ते ठेवून द्या. त्यात हवा कमी, थांबायची सोय नाही आणि मिशांनी रस्ता चाचपत जाणाऱ्या प्राण्याला चाचपायलाच काही मिळत नाही.

जमिनीवर मोकळी जागा जास्त दिसत असेल तर ती भरा. झाडाची साल, पोकळ ओंडका, पुठ्ठ्याच्या नळ्या, वाळलेल्या फांद्या, गवताचे झुबके असं ठेवा की एका आडोशाखालून निघून दुसऱ्याखाली शिरायला त्याला फार उघड्यावरून जावं लागू नये. आपल्याला वाटतं, सगळं भरलं तर तो दिसणारच नाही. उलट होतं. लपायला जागा भरपूर असली की तो निर्धास्त होतो आणि जास्त वेळ बाहेर राहतो. उंचावर मात्र काही ठेवू नका. यांची नजर अधू, उंचीचा अंदाज शून्य. कडेवरून सरळ पुढे पाऊल टाकतात. वीस सेंटिमीटरवरून कडक जागेवर पडलं तरी दुखापत होऊ शकते. म्हणून छताला लटकणारा तुमचा हॅमस्टर गंमत म्हणून बघू नका. कुरतडायला सफरचंदाच्या, विलोच्या किंवा हेझलच्या फवारणी न झालेल्या फांद्या द्या. दात आयुष्यभर वाढत असतात.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. बारीक बियांचं मिश्रण, दिवसाला साधारण एक चमचा, आणि ते वाटीत न घालता सगळ्या बेडिंगवर विखरून. राळ्याचं कणीस, जवसाच्या वाळलेल्या काड्या मातीत रोवल्यासारख्या उभ्या करून ठेवल्या तर तो त्या खाली ओढून दाणे काढतो, रात्रीचे दोन तास त्यातच जातात. कॅम्पबेल आणि त्याच्या संकरांना मधुमेहाचा धोका असतो, त्यामुळे फळं, मध लावलेल्या कांड्या, दही-गोळ्या असले गोड प्रकार टाळा. पाणी बाटलीतून दिलंत तर रोज नळीच्या टोकाचा मणी बोटाने फिरवून थेंब येतो का ते बघा. बाटली भरलेली आणि मणी अडकलेला, हे फार वेळा होतं. नळी बेडिंगला टेकली की रात्रीत सगळं पाणी शोषलं जातं, म्हणून मला उथळ, जड वाटी जास्त पसंत. तीही चौरंगावर.

टाकी ठेवायची कुठे? थेट ऊन नको, कारण काचेत ऊन आलं की आतलं तापमान झपाट्याने चढतं. अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस चांगलं. सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे त्रास सुरू होतो; हॅमस्टरला घाम येत नाही. तो पसरून पडला, श्वास जोरात चालू आहे, हाक मारल्यावर हलत नाही, हे उष्माघाताचं लक्षण समजा आणि लगेच डॉक्टर गाठा. गरमीच्या दिवसांत आत चिनीमातीची थंडगार लादी ठेवा, काचेच्या बाहेरून गोठवलेली पाण्याची बाटली टेकवा, खोली गार ठेवा. पंख्याचा किंवा एसीचा झोत सरळ टाकीवर सोडू नका. खोल बेडिंगचा इथेही उपयोग होतो, कारण तळाशी तापमान फारसं वर-खाली होत नाही. टीव्ही, स्पीकर, फ्रिज यांच्यापासून लांब. आपल्या कानाला न लागणारे उच्च वारंवारतेचे आवाज त्यांना ऐकू जातात.

थंडीतला एक प्रकार माहीत असू द्या. खोली फार गार झाली किंवा उजेडाचे तास कमी झाले की विंटर व्हाइट काही तासांसाठी गारठून निश्चल होतो. शरीराचं तापमान खूप खाली जातं, श्वास इतका मंद की दिसतच नाही. अशा जिवंत हॅमस्टरला मेलेला समजून पुरायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. अंग थंड आहे पण मऊ आहे, मिशा किंचित हलतात, असं दिसलं तर ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या. हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी असलं काही एकदम नको. शुद्धीवर आल्यावर पाणी आणि दाणे पुढे ठेवा, आणि डॉक्टरला दाखवून घ्या, कारण आजारी हॅमस्टरही असाच गार पडतो. खोलीत उजेडाचं वेळापत्रक रोज साधारण सारखं ठेवलं तर हा प्रकार टळतो.

साफसफाईत लोक गरजेपेक्षा जास्त उत्साह दाखवतात. दर आठवड्याला सगळं बेडिंग फेकून, टाकी साबणाने घासून, नवीन भरणं ही चांगल्या मालकाची खूण समजली जाते. हॅमस्टरच्या बाजूने बघा: त्याने पोटावरच्या गंधग्रंथीने घासून घासून आपली केलेली प्रत्येक वाट, सगळे बोगदे, जमवलेलं कोठार, एका दुपारीत नाहीसं. मग तो रात्रभर धावत सुटतो, जागोजागी लघवी करतो, हाताला चावतो, आणि मालकाला वाटतं, वास येतोय, अजून वरचेवर साफ करायला हवं. (नराच्या पोटावर मधोमध पिवळसर खपलीसारखा ठिपका दिसतो तो या ग्रंथीचाच. जखम समजून त्यावर मलम चोळू नका.) वाळूतले ओले गोळे दररोज किंवा एक दिवसाआड चाळणीने काढा. लघवीचा कोपरा हाताला लागेल तेव्हा तेवढंच बेडिंग बदला. ताजी भाजी दिली असेल तर उरलेले तुकडे शोधून काढा, नाहीतर बुरशी धरते. कोरड्या दाण्यांचा साठा मात्र त्याचा त्याला राहू द्या. खोल बेडिंगची मोठी टाकी या पद्धतीने महिना-दोन महिने सहज चालते. पुढे बदलायची वेळ आली तरी निम्म्याहून जास्त जुनं, कोरडं बेडिंग नव्यात मिसळायचं आणि घरटं शक्यतो हलवायचं नाही. लेंड्या कोरड्या आणि बिनवासाच्या असतात, त्या वेचत बसायची गरज नाही. टाकीला तीव्र वास येत असेल तर टाकी लहान आहे किंवा ओल साचते आहे.

आता जोडीदार. दुकानात दहा-दहा पिल्लं एकत्र झोपलेली असतात, त्यावरून वाटतं की यांना सोबत लागते. ती पिल्लं आहेत म्हणून एकत्र आहेत. वयात आली की भांडणं सुरू होतात, आणि बंदिस्त जागेत हरलेल्याला पळून जायला वाव नसतो. वरवर शांत दिसणाऱ्या जोडीतही एक जण बिळाबाहेर झोपतो, चाकावर जाऊ दिला जात नाही, हळूहळू वाळत जातो. एका सकाळी कान फाटलेला किंवा त्याहून वाईट काही दिसतं. रोबोंच्या काही जोड्या टिकतात, पण कधी बिनसेल हे सांगता येत नाही आणि तेव्हा दुसरी पूर्ण सजवलेली टाकी तयार लागते. तुमच्याकडच्यासारख्या एकट्या वाढलेल्या प्रौढ हॅमस्टरच्या टाकीत अनोळखी हॅमस्टर सोडणं म्हणजे मारामारी लावून देणं. नर-मादी निघाले तर आणखी वेगळा घोळ: मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लं बाहेर.

टाकी तयार झाली की जुन्या पिंजऱ्यातलं थोडं वापरलेलं बेडिंग आणि त्याचं घरटं तसंच उचलून नव्या जागी ठेवा. त्याला मुठीत पकडून सोडू नका. कपात किंवा पुठ्ठ्याच्या नळीत शिरू द्या आणि ती नळी आत ठेवा. पुढचे चार-पाच दिवस पाणी, दाणे आणि वाळू याशिवाय हात घालू नका. या दिवसांत तो गायब झाल्यासारखा वाटेल. टाकीच्या काचेला लागून बोगद्याचा एखादा तुकडा दिसेल, सकाळी विखुरलेले दाणे कमी झालेले दिसतील, वाळूत पावलं उमटलेली दिसतील, तेवढंच. उकरून ‘आहे ना’ बघू नका. खात्रीच करायची असेल तर संध्याकाळी त्याच्या दाराशी एक सूर्यफुलाची बी ठेवा आणि सकाळी ती गेली का पाहा. नंतर हात धुऊन, खाण्याचा वास न राहता, तळहात वाळूच्या भांड्यात उघडा ठेवून बसायची सवय करा. वरून झडप घातल्यासारखा हात आला की तो चावणारच. तुमच्या पिंजऱ्याचं दार वर असेल, तर तो का चावत होता याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

गज चावण्याची सवय जुनी असेल तर ती एका रात्रीत जात नाही. काचेच्या टाकीत चावायला गज नसतात, पण काही जण कोपऱ्यात उभे राहून काच खरवडतात किंवा एकाच मार्गावर येरझारा घालतात. काही रोबो जागच्या जागी उलट्या कोलांट्या मारतात. तीन-चार आठवडे वाट बघा. तोवर फरक पडला नाही तर आधी बेडिंग हाताने चाचपून बघा, दाबलेलं आहे की पोकळ. नंतर चाक, नंतर टाकीची जागा, रात्री तिथे उजेड किंवा आवाज येतो का. सगळं ठीक असून तो सतत एकाच दिशेला गोल फिरत असेल, डोकं एका बाजूला कललेलं असेल, किंवा शेपटीखालचा भाग ओला असेल, तर मांडणीत काही बदलू नका. लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. नेताना जुना पिंजरा कामी येईल, त्यात मूठभर वापरलेलं बेडिंग आणि काकडीचा तुकडा टाका, पाण्याची वाटी प्रवासात सांडते.